लॅपटॉप जागा झाला, वायफाय झालं नाही: लिनक्सवर काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

झाकण बंद केलं, चहा पिऊन आलात, झाकण उघडलं. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं, वायफायचं चिन्ह तेवढं गायब. इथे बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर लॅपटॉप रीस्टार्ट करतात, किंवा सापडतील तिथून पाच-सहा कमांड उचलून एकापाठोपाठ चालवतात. रीस्टार्टनं बहुधा वायफाय परत येतं, पण बिघाड नेमका कुठे होता ते बघायची वेळ निघून जाते आणि उद्या सकाळी पुन्हा तेच. कमांडच्या सरबत्तीनंही कधीकधी येतं, पण कशानं आलं ते कळत नाही. मी एकदा चार बदल एकदम करून ठेवले होते. सहा महिन्यांनी बॅटरी लवकर का संपते हे शोधायला बसलो, तेव्हा त्यातलेच दोन गुन्हेगार निघाले.

‘झोपेनंतर वायफाय गेलं’ या एकाच तक्रारीमागे चार वेगवेगळे बिघाड असतात. वायफायचा रेडिओ ब्लॉक झालेला असतो, नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) जागा झालेला नसतो, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) अडकलेला असतो, किंवा वायफायचं कार्डच मदरबोर्डला उत्तर देत नसतं. चौघांचे इलाज वेगळे आहेत, म्हणून आधी यातला कोणता ते ठरवायचं.

कमांड खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, बहुतेक सगळ्या लहान अक्षरांत. नेटवर्कमॅनेजर या नावात मात्र एन आणि एम मोठे. स्पेलिंगची शंका आली तर पहिली तीन-चार अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं टर्मिनल पूर्ण करतं. सिस्टीममध्ये बदल करणाऱ्या कमांडच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लागेल हे गृहीत धरा.

टप्पा १: वायफाय चालू असतानाच करायची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग अडकतात. कार्ड गायब झाल्यावर ते कोणतं होतं हे लॅपटॉपला विचारून उपयोग नाही.

‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. लांबलचक यादी येईल, त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. तिच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहिलेलं असतं. ते नाव कागदावर उतरवा. इंटेलच्या कार्डाला बहुधा आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकला आरटीडब्ल्यू८८ किंवा आरटीडब्ल्यू८९ घराण्यातलं काहीतरी, मीडियाटेकला एमटी७९२१ई, क्वालकॉमला एटीएच१०के किंवा एटीएच११के असं दिसेल. ओळीच्या सुरुवातीचा पत्ताही लिहून घ्या, उदाहरणार्थ ०२:००.०. पुढे टप्पा ५ मध्ये तो लागतो.

मग ‘युनेम -आर’ चालवून कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती नोंदवा. ‘कॅट’ कमांडनं सिस, पॉवर या फोल्डरातली मेम_स्लीप ही फाइल वाचा. तिथे ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ यांपैकी जो शब्द चौकटी कंसात आहे, तो तुमच्या लॅपटॉपच्या झोपेचा प्रकार. डीपमध्ये प्रोसेसर आणि बहुतेक भागांची वीज खरोखर तोडली जाते. एस२आयडलमध्ये सगळं चालूच राहतं, फक्त पेंगत असतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपना डीप मुळातच नसतं.

इंटरनेटची दुसरी सोय हाताशी ठेवा. सगळ्यात सोपी म्हणजे फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करणं. लिनक्सवर त्यासाठी सहसा काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही.

सावध: कर्नल अपडेट झाला आणि तुम्ही अजून रीस्टार्ट केलं नसेल, तर पुढचं काहीही करू नका. काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांवर), विशेषतः आर्चवर, चालू कर्नलची मॉड्यूल्स (ड्रायव्हर वगैरेंच्या फाइली) अपडेटबरोबर डिस्कवरून पुसली जातात. अशा वेळी ड्रायव्हर काढला तर परत चढणारच नाही आणि दोष भलत्याच गोष्टीवर जाईल.

टप्पा २: बिघाड मुद्दाम घडवून आणा

‘कधीकधी होतं’ या माहितीवर काही दुरुस्त होत नाही. सगळं काम सेव्ह करून ‘सिस्टमसीटीएल सस्पेंड’ द्या, दोन मिनिटं थांबा, उठवा. असं पाच वेळा करा. त्यातले दोन प्रयोग चार्जर काढून करा, कारण टीएलपीसारखी वीजबचतीची साधनं बॅटरीवर वेगळं वागतात. काही कार्डं दोन मिनिटांच्या डुलकीत ठीक असतात आणि रात्रभराच्या झोपेतच हरवतात, म्हणून एक रात्रही मोजा. हायबरनेटचे (स्मृती डिस्कवर उतरवून पूर्ण बंद होण्याचे) प्रयोग वेगळे करा, त्यांची नोंदही वेगळी ठेवा. दोन्हींची गल्लत केली की पुढचे निष्कर्ष चुकतात.

आपोआप उठवण्यासाठी ‘आरटीसीवेक’ वापरतात, आणि इथे एक चूक हमखास होते. ‘आरटीसीवेक -एम मेम -एस ६०’ दिलं की ते थेट कर्नलला झोपवतं. सिस्टमडीला (सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) पत्ताच नसतो, नेटवर्कमॅनेजरला निरोप जात नाही, झोपेच्या स्क्रिप्टही चालत नाहीत. म्हणजे तुम्ही रोज जी झोप वापरता तिची ही चाचणीच नव्हे. त्याऐवजी ‘आरटीसीवेक -एम नो -एस ६०’ देऊन फक्त गजर लावा आणि लगेच ‘सिस्टमसीटीएल सस्पेंड’ द्या.

टप्पा ३: वायफाय गेलं, आता हात लावण्याआधी बघा

पुढचे प्रश्न याच क्रमानं विचारा. पहिला प्रश्न लॅपटॉपबद्दल नाही.

१. राउटर जागा आहे का? आपल्याकडे लाइट जाते, इन्व्हर्टरवर राउटर नसतो, लाइट आल्यावर त्याला उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. लॅपटॉप मात्र दोन सेकंदांत उठून नेटवर्क शोधतो. आधी फोनवर वायफाय दिसतंय का बघा.

२. ‘आरएफकिल लिस्ट’ काय म्हणतं? वायरलेस लॅनखाली ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ समोर येस असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ समोर येस असेल तर कोणतीही कमांड ते उघडू शकत नाही. कडेचं सरकबटण किंवा एफएन बरोबर दाबायची विमानाची कळ बघा. एका ओळखीच्या काकांचा लॅपटॉप मी दोन संध्याकाळ तपासला. रोज दुपारी झाकण लावण्याआधी ते कीबोर्ड फडक्यानं पुसत, आणि फडकं नेमकं त्या कळेवरून जाई.

३. ‘एनएमसीएलआय जनरल’ आणि ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ काय दाखवतात? पहिल्यात ‘अस्लीप’ दिसलं तर नेटवर्कमॅनेजर अजून झोपेतच आहे, त्याला उठल्याचा निरोप मिळालेला नाही. दुसऱ्यात वायफायसमोर ‘अनअव्हेलेबल’ असेल तर रेडिओ बंद आहे, फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) चढलेलं नाही किंवा डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायची ओळख पडताळणारा प्रोग्राम) मेलेला आहे. ‘डिसकनेक्टेड’ असेल तर ड्रायव्हर जिवंत आहे, फक्त जोडणी झालेली नाही.

४. ‘आयपी लिंक’मध्ये डब्ल्यूएलनं सुरू होणारं नाव आहे का? नसेल तर पुन्हा ‘एलएसपीसीआय -एनएनके’. कार्ड दिसतंय पण ड्रायव्हरची ओळ नाही, की कार्डच यादीत नाही? या दोन उत्तरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

५. जोडलेलं दिसतंय पण साइट उघडत नाही? ‘पिंग’ला १.१.१.१ हा आकडा द्या. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर वायफाय ठणठणीत आहे, डीएनएस (साइटच्या नावाचा आकडा शोधणारी सेवा) अडकलंय. ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ करून बघा, आणि झोपण्याआधी व्हीपीएन चालू होतं का ते आठवा. अर्धमेलं व्हीपीएन सगळा ट्रॅफिक स्वतःकडे ओढून बसतं.

तपासणी: पाचही उत्तरं कागदावर आली का? आली असतील तर ‘जर्नलसीटीएल -बी -के’ चं उत्तर > या चिन्हानं एका फाइलमध्ये उतरवा. तोवर काहीही रीस्टार्ट करू नका.

टप्पा ४: नोंदवही वाचणं

फाइल मोठी असते, पण तुम्हाला तिचा छोटा तुकडाच हवा. ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ ही ओळ शोधा. तिथे लॅपटॉप झोपला. मग ‘पीएम: सस्पेंड एग्झिट’ शोधा, तिथे उठला. या दोन ओळींमधला मजकूर आणि एग्झिटनंतरच्या तीस-चाळीस ओळी, एवढ्यातच उत्तर असतं. आधीच्या हजार ओळींतल्या लाल रंगाला घाबरून जाऊ नका. निरोगी लॅपटॉपमध्येही तो असतो.

या तुकड्यात ड्रायव्हरच्या नावाच्या ओळी बघा. तीन खुणा सारख्या भेटतात.

‘वजा ११०’ हा आकडा म्हणजे वेळ संपली. ड्रायव्हरनं कार्डाला हाक मारली, ठरलेल्या वेळात ओ आली नाही. बहुतेकदा ड्रायव्हर काढून परत चढवला की काम होतं.

शून्य-एक्सपुढे सलग आठ एफ, किंवा ‘डी३कोल्डमधून डी०मध्ये नेता आलं नाही, डिव्हाइस इनॅक्सेसिबल’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. पीसीआय बसवर (मदरबोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या वाटेवर) उत्तर द्यायला कोणी नसलं की वाचणाऱ्याला सगळे बिट एक दिसतात, म्हणून ते एफ. कार्डाची वीज परत आलेली नाही किंवा दुवा जुळलेला नाही. इथे नेटवर्कमॅनेजर शंभरदा रीस्टार्ट करा, काही होणार नाही.

फर्मवेअर लोड करताना ‘एरर वजा २’. म्हणजे फाइल सापडली नाही. पण इंटेलचा ड्रायव्हर आधी नवी आवृत्ती मागतो, नाही मिळाली की जुनी घेतो, त्यामुळे अशा दोन-चार ओळींनंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ दिसलं तर सगळं ठीक आहे. शेवटपर्यंत तसं काही दिसलं नाही तरच काळजी.

तुकड्यात वायफाय ड्रायव्हरबद्दल तक्रारीची एकही ओळ नसेल, तर गडबड वरच्या थरात आहे. ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर’ वाचा.

टप्पा ५: तात्पुरता इलाज, सगळ्यात हलक्यापासून

प्रत्येक पायरीनंतर एक मिनिट थांबा. वायफाय आलं की तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. कुठल्या पायरीवर आलं तेच तुमचं निदान आहे.

१. नेटवर्कमॅनेजर. ‘अस्लीप’ दिसत असेल तर ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन’. त्यानं भागलं नाही तर ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’.

२. ड्रायव्हर काढून परत चढवणं. ‘मॉडप्रोब -आर’ नंतर ड्रायव्हरचं नाव, मग नुसतं ‘मॉडप्रोब’ आणि तेच नाव. इंटेलवर इथे हमखास ‘मॉड्यूल इज इन यूज’ असं उत्तर येतं आणि लोक जबरदस्तीचे पर्याय शोधू लागतात. गरज नाही. आयडब्ल्यूएलवायफायच्या डोक्यावर आयडब्ल्यूएलएमव्हीएम नावाचं दुसरं मॉड्यूल बसलेलं असतं, आधी ते उतरवायचं: ‘मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय’. चढवताना मात्र नुसतं आयडब्ल्यूएलवायफाय द्या, वरचं आपोआप येतं. इतर कार्डांवर कोण कोणावर बसलंय हे ‘एलएसमॉड’च्या शेवटच्या रकान्यात दिसतं.

३. कार्ड बसवरून काढून पुन्हा शोधायला लावणं. आधी ‘सुडो -आय’ देऊन रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) व्हा. ‘इको’ या लिहिणाऱ्या कमांडच्या आधी नुसता सुडो लावला तर तो इकोला लागतो, फाइलमध्ये लिहिणाऱ्या बाणाला लागत नाही, आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. मग सिस, बस, पीसीआय, डिव्हाइसेस या वाटेनं आपल्या कार्डाच्या पत्त्याचं फोल्डर गाठा. त्यातल्या ‘रिमूव्ह’ या फाइलमध्ये १ लिहा, पाच सेकंदांनी सिस, बस, पीसीआयमधल्या ‘रीस्कॅन’मध्ये १ लिहा.

सावध: पत्ता दोनदा ताडून बघा. शेजारचा पत्ता एनव्हीएमई डिस्कचा असू शकतो, आणि चालू डिस्क बसवरून काढण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

४. पूर्ण वीज तोडणं. रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज बऱ्याचदा जातच नाही, त्यामुळे अडकलेलं कार्ड रीस्टार्टनंतरही अडकलेलंच राहतं. लोक मग ‘कार्ड मेलं’ म्हणून नवं घ्यायला निघतात. लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग सुरू करा.

टप्पा ६: कायमचा इलाज

आधी अपडेट, मग सेटिंग, स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करणारे वर्षानुवर्षं स्क्रिप्ट सांभाळत बसतात, आणि मूळ दोष कर्नलमध्ये कधीच दुरुस्त झालेला असतो.

अपडेट. कर्नल, फर्मवेअरचं पॅकेज आणि बायॉस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर). उबंटूवर फर्मवेअर ‘लिनक्स-फर्मवेअर’ नावानं येतं. डेबियनवर कार्डाप्रमाणे वेगळी पॅकेजेस आहेत, आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहेत. जुनी यादी तशीच पुढे ओढत आलेल्यांच्या सोर्स लिस्टमध्ये हा विभाग नसतो, म्हणून अपडेट येतच नाहीत. बायॉससाठी ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ काही देतंय का बघा. अपडेटनंतर टप्पा २ पुन्हा करा.

वायफायची वीजबचत. जोडलं जातं पण उठल्यावर रडतखडत चालतं, अशा तक्रारीवर हा उपाय. आधी तात्पुरतं बंद करून बघा: ‘आयडब्ल्यू डेव्ह’, मग इंटरफेसचं नाव, मग ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’. फरक पडला तरच कायम करा. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, कॉन्फ.डी या फोल्डरात झेडझेडनं सुरू होणारी नवी फाइल बनवा, कारण फाइली अक्षरक्रमानं वाचल्या जातात आणि शेवटचीचं ऐकलं जातं. तिच्यात चौकटी कंसात ‘कनेक्शन’ आणि खालच्या ओळीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उबंटू स्वतः ३ ठेवतं. हे आकडे उलटे लक्षात ठेवून तासभर घालवलेल्यांत मीही आहे.

पीसीआयच्या दुव्याची वीजबचत, म्हणजे एएसपीएम. नोंदवहीत आठ एफ दिसले असतील तर हा तुमचा रस्ता. जिथे तिथे सल्ला दिसतो की कर्नलला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ द्या. त्याचा अर्थ नावावरून वाटतो तसा नाही. कर्नल एएसपीएमला हातच लावत नाही, बायॉसनं जे ठेवलं असेल ते तसंच राहतं. बायॉसनं ते चालू ठेवलं असेल, तर तुमच्या ‘ऑफ’नंतरही ते चालूच. त्यापेक्षा फक्त वायफायच्या ड्रायव्हरपुरता बदल करा. ‘मॉडइन्फो -पी’ आणि मॉड्यूलचं नाव दिलं की त्याला कळणारे पर्याय दिसतात. एमटी७९२१ई आणि आरटीडब्ल्यू८८_पीसीआय यांना ‘डिसेबल_एएसपीएम’ आहे, आरटीडब्ल्यू८९_पीसीआयला ‘डिसेबल_एएसपीएम_एल१’ आणि ‘डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस’. यादीत नसलेला पर्याय कुठून उचलून टाकू नका, कर्नल तो बाजूला ठेवतो आणि तुम्हाला वाटतं आपण बदल केला. पर्याय ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात, नावाच्या शेवटी .कॉन्फ असलेल्या फाइलमध्ये ‘ऑप्शन्स’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीत लिहा. मग इनिट्रॅमएफएस (लॅपटॉप सुरू होताना कर्नलबरोबर चढणारी छोटी फाइल) ताजं करा: डेबियन-उबंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’, आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’, यातला पी मोठा.

झोपेचा प्रकार बदलणं. मेम_स्लीपमध्ये दोन्ही शब्द दिसत असतील तरच ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट’ हा कर्नलचा पर्याय बदलून बघण्यात अर्थ आहे. एकच असेल तर सोडून द्या.

स्क्रिप्ट. इतकं करूनही ड्रायव्हर दर वेळी हातानं उतरवावा लागत असेल, तर ते काम सिस्टमडीला द्या. जुन्या सल्ल्यांत ईटीसी, पीएम, स्लीप.डी हे फोल्डर सांगितलेलं असतं. ते पीएम-यूटिल्स या जुन्या साधनाच्या काळातलं, सिस्टमडी तिकडे फिरकतही नाही. आजची जागा: यूएसआर, लिब, सिस्टमडी, सिस्टम-स्लीप. स्क्रिप्टला पहिला शब्द ‘प्री’ किंवा ‘पोस्ट’ मिळतो, दुसरा ‘सस्पेंड’, ‘हायबरनेट’ वगैरे. प्री आला की ‘मॉडप्रोब -आर’, पोस्ट आला की ‘मॉडप्रोब’, मुख्य काम एवढ्या दोनच ओळींचं. फाइलला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका: ‘सीएचमॉड ७५५’. ती नसेल तर स्क्रिप्ट दुर्लक्षित राहते.

सावध: स्क्रिप्टमध्ये ‘नेट येईपर्यंत थांब’ असली फेरी घालू नका. सिस्टमडी स्क्रिप्ट संपेपर्यंत थांबतं. झाकण बंद करून बॅगेत टाकलेला लॅपटॉप जागाच राहिला, की बॅग उघडल्यावर हाताला चटका बसतो.

फक्त हायबरनेटनंतर जात असेल तर

हायबरनेटमधून उठताना आधी एक ताजा कर्नल सुरू होतो. तो डिस्कवरची जुनी स्मृती परत आणतो आणि मग कारभार जुन्या कर्नलच्या हाती जातो. जुन्या ड्रायव्हरला वाटतं, कार्ड मी सोडलं तसंच आहे. कार्डाची मात्र मधल्या काळात वीज गेलेली असते, फर्मवेअर पुसलेलं असतं. चांगले ड्रायव्हर हे ओळखून फर्मवेअर पुन्हा चढवतात, सगळे नाही. इथे वरची स्क्रिप्ट खरोखर कामाची आहे. दुसऱ्या शब्दात ‘हायबरनेट’ आलं तरच ड्रायव्हर उतरवा, सस्पेंडला हात लावू नका.

शेजारी विंडोज असेल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोजचं शटडाउन हे अर्धं हायबरनेटच असतं, आणि कार्ड भलत्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येऊ शकतं. लिनक्स हायबरनेट असताना विंडोज सुरू करून सामायिक पार्टिशनवर लिहिणं त्याहून वाईट, त्यात फाइली खराब होतात. आणि हायबरनेटचा पर्यायच दिसत नसेल तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायॉसमधली सेटिंग) बघा. ते चालू असताना उबंटू आणि फेडोराचा कर्नल हायबरनेट करू देत नाही.

वायफायसाठी यूएसबी डोंगल असेल तर

वरचं पीसीआयचं सगळं विसरा. ‘एलएसयूएसबी’ बघा. काही डोंगल उठल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. त्यासाठी ‘यूएसबी_मोडस्विच’ इन्स्टॉल असायला हवं. एकदा काढून परत लावलं की येत असेल, तर आधी दुसऱ्या पोर्टात लावून चाचणी करा, मगच सेटिंगमध्ये शिरा.

टप्पा ७: खरंच दुरुस्त झालं का

पाच छोट्या झोपा, दोन बॅटरीवर, एक रात्रभराची. हायबरनेट वापरत असाल तर तेही दोनदा. सगळं पार पडलं की केलेले बदल एकेक करून मागे घ्या आणि दर वेळी पुन्हा झोपवून बघा. ज्याच्या जाण्यानं बिघाड परत येतो तोच ठेवा, बाकीचे पुसून टाका. ठेवलेल्या फाइलच्या पहिल्या ओळीत टिप्पणी म्हणून तारीख, कर्नलची आवृत्ती आणि नोंदवहीतली ती एक ओळ लिहा. पुढचा मोठा कर्नल अपडेट आला की फाइल बाजूला सरकवून एक रात्र झोपवून बघायचं.

एवढं करूनही कार्ड हरवतच असेल तर डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर तक्रार घाला. टप्पा १ चा कागद, टप्पा ३ ची पाच उत्तरं, एंट्री ते एग्झिटचा नोंदवहीचा तुकडा आणि टप्पा ५ मध्ये कुठल्या पायरीवर वायफाय परत आलं ते, एवढं जोडा. जोडण्याआधी त्या तुकड्यातून तुमच्या वायफायचं नाव आणि मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) खोडा.